मांडवीच्या मुखाशी पाच जिन्नस

एप्रिलमध्ये बांद्याला मामांकडे गेलं, की त्यांची काजूची बाग डोळ्यांच्या आधी नाकाला भेटते. झाडांखाली पिवळ्या-तांबड्या बोंडांचा सडा, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या आणि सगळ्या उतारावर धरून राहिलेला आंबूस-गोड वास. मामी आणि दोघी कामकरी बायका वाकून बोंडू उचलतात, पिळा देऊन बी सोडवतात, बी टोपलीत टाकतात आणि बोंडू तिथेच भिरकावतात. बीला भाव आहे, बोंडवाला गुरांनी तोंड लावलं तर लावलं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ या जातींची नावं इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असतात, पण त्यांच्याबद्दलचं बोलणं बी किती टपोरी पडते यापलीकडे फारसं जात नाही. “अरे, पलीकडे असतो तर ह्याचेच पैसे झाले असते,” हे मामांचं दरवर्षीचं वाक्य. पलीकडे म्हणजे गोव्यात, आणि गोवा तिथून हाकेच्या अंतरावर.

यंदा आम्ही बांद्याला थांबलो ते पुढे पणजीला जायचं होतं म्हणून. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून भाचीने आम्हा दोघांना एक भेट दिली होती. मांडवीच्या मुखाशी शिडाच्या बोटीतून सूर्यास्त बघायचा आणि त्याच बोटीवर कॉकटेल करायला शिकायचं. मामांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “म्हणजे दारू प्यायचा पण आता क्लास निघाला?”

मामांचं आश्चर्य खोटं नव्हतं. आपल्याकडे मद्याबद्दलचा कायदा १९४९ चा आहे, त्याच्या नावातच ‘दारूबंदी’ आहे आणि प्यायला परवाना लागतो हे अजून कागदावर आहे. तो खिशात ठेवून पिणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण त्या कागदाने एक सवय लावली आहे: दारू म्हटलं की आवाज खाली आणायचा. हद्द ओलांडली की पाच मिनिटांत तीच गोष्ट रस्त्याकडेच्या पाट्यांवर ठळक अक्षरांत दिसू लागते.

हद्दीवर पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. महामार्गावरच्या बहुतेक गाड्या तिथे वेगही कमी करत नाहीत. आम्ही थांबलो, पाया पडलो आणि पेडण्याच्या बाजूला एका डोंगरउतारावरची काजूची भट्टी बघायला वळलो.

झाडं तीच, वासही तोच. फरक एवढाच, की इथे बोंडू कोणी भिरकावत नव्हतं. भट्टीवाल्याचा पहिला नियम असा, की बोंडू झाडावरून तोडायचं नाही. पिकून आपणहून पडलं तेच घ्यायचं. काठीच्या टोकाला बसवलेल्या अणकुचीत ते टोचून उचलायचं, बी काढायची आणि बोंडू कोळंबीत टाकायचं. कोळंबी म्हणजे जांभ्या दगडात कोरलेली उथळ, उतरती जागा. पूर्वी तिच्यात माणसं उभी राहून बोंडं पायांनी तुडवत, आता बहुतेक ठिकाणी दाबयंत्र आलं आहे. रस निघाल्यावर उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर दगड ठेवतात. त्यातून थेंबथेंब गळतो तो नीरो. मला एक पेला मिळाला. गोड, किंचित तुरट, जिभेवर काजूचीच चिकट खरखर ठेवून जाणारा. दुपारी बारापर्यंत प्यायचा, नंतर तो आपल्या मार्गाला लागतो.

तो मार्ग फार सोपा आहे. तुडवलेला रस दोनतीन दिवस ठेवला, की हवेतल्या आणि सालीवरच्या यीस्टने आपसूक आंबतो, वरून काही घालावं लागत नाही. मग तो भाणात, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, लाकडाच्या जाळावर चढतो. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते, तिथे गार होऊन तिचे थेंब होतात. पहिल्या धारेचं ते उर्राक, तिथली माणसं त्याला हुर्राक म्हणतात. त्यात मद्यार्क साधारण पंधरा टक्के. हेच उर्राक ताज्या रसाबरोबर पुन्हा भाणात घातलं, की फेणी उतरते. ती बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. बाटली हलवली की वर फेस धरतो म्हणून फेणी, असं भट्टीवाल्याने करून दाखवलं. फेस किती वेळ टिकतो त्यावरून तो दारूची ताकद सांगत होता, मापक यंत्र शेजारी असूनही.

काजूचं झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलं. काजू हा शब्दही तिकडच्या तुपी भाषेतला, पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलेला. पण झाडाबरोबर फेणी आली नाही. ती इथल्या लोकांनी काढली, आणि काढायची विद्या त्यांच्याकडे आधीपासून होती. माडाची सूर उकळून अर्क धरणं गोव्यात काजूच्या आधीचं आहे. नवीन झाड आल्यावर जुनी भट्टी त्याला लावली, इतकंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आम्ही पणजीसमोरच्या बेतीच्या धक्क्यावर उभे होतो. बोट पाहून बायकोचा चेहरा उतरला. जाहिरातीतल्या पांढऱ्याशुभ्र यॉटऐवजी तीसेक फुटांची, ऊन खाल्लेली फायबरची बोट होती. चालवणारा साठीपुढचा, उघड्या पायांचा गृहस्थ. सगळे त्याला पात्रांव म्हणत होते, म्हणजे मालक, धनी. आयुष्याची तीस वर्षं परदेशी जहाजांवर काढलेला तो तारवटी होता. गोव्यात हा शब्द अजून मानाने उच्चारतात. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी, वाढपी, बटलर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गोंयकार गेले. मुंबईत धोबी तलावच्या आसपास गावागावांचे ‘कूड’ आहेत, ते या माणसांना जहाज मिळेपर्यंत राहता यावं म्हणून उभे राहिलेले. सातासमुद्रांवरच्या किती साहेबांचे पेले गोव्याच्या हातांनी भरले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

कॉकटेल शिकवणारी मुलगी मडगावची, पंचविशीतली. तिने पहिल्याच वाक्यात मला ‘काका’ केलं. दुसऱ्या वाक्यात नियम सांगितला: नांगर पडेपर्यंत कुणाच्या हातात पेला नाही, आणि पात्रांवच्या हातात धक्क्याला लागेपर्यंत नाही.

आठ प्रवासी. शीड चढवताना चौघांना दोर ओढायला लावलं. दोर ओढून हात भाजतात हे वाचून माहीत होतं, आता तळव्यांना माहीत झालं.

ओहोटी लागलेली होती, नदी समुद्राकडे निघालेली होती. वारा मात्र समोरून. कोकणात दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री उशिरा जमिनीवरून मतलई. जुन्या गलबतांचं सगळं वेळापत्रक या दोन वाऱ्यांवर होतं, पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्यावर परत यायचं. आम्ही नेमके उलट्या वेळी बाहेर पडत होतो. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. ती तिरकी जाते, मग वळते, पुन्हा तिरकी जाते. नागमोडी घाट चढतो तसं. प्रत्येक वळणाला पात्रांव ओरडायचा, आडवा दांडा डोक्यावरून सपकन या बाजूचा त्या बाजूला जायचा आणि आम्ही आठ जण खाली वाकून बाक बदलायचो. “सवकास, सवकास,” तो म्हणायचा. सावकाश. एकीकडे बोट इतकी कलायची, की पाणी हाताला लागे. उलटत कशी नाही, या बायकोच्या प्रश्नाला त्याने पायाने तळ ठोकून उत्तर दिलं: पोटाखाली शिशाची जड कील आहे. वारा जितका पाडतो तितकं शिसं उभं करतं.

डाव्या हाताला पणजी सरकत होती. आदिलशहाचा राजवाडा, पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉयचं निवासस्थान, मग सचिवालय झालेली ती पिवळटपांढरी इमारत. तिच्याशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, संमोहनशास्त्राचा हा आद्य अभ्यासक शेजारच्याच कांदोळीत १७५६ साली जन्मला. पण नदीतून बघताना या दोन्हींच्या आड कॅसिनोच्या बोटी येतात. दिवसा त्या रंग उडालेल्या चाळींसारख्या दिसतात. त्यांच्यावर बोलावं तेवढं थोडं आहे, म्हणून बोलत नाही.

एकेकाळी या पाण्यात खनिजाच्या बार्जांची रांग असायची. लोहखनिज भरून मुरगाव बंदराकडे जाणारी, काठोकाठ बुडालेली. पावसाळ्यात मुखावरची वाळूची आडवी पट्टी, आग्वादचा ‘बार’, खवळतो आणि बंद होतो. तेव्हा त्या मागच्या दाराने, कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. २०१२ साली खाणी थांबल्या आणि ती गर्दी ओसरली. पात्रांवला त्याचं सुखदुःख दोन्ही होतं. शिडाला जागा झाली, पण पुतण्या बार्जवर होता.

उजवीकडे वेरेंचा नौदलाचा तळ लागला, आयएनएस मांडवी. इथे मी जरा ताठ बसलो. शिडाच्या बोटीतून जगाला वळसा घालणाऱ्या आपल्या माणसांचा हा उंबरठा. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, भारतीयाने केलेली ती पहिलीच. त्यांची ‘म्हादेई’ इथून नदीने थोडंसं वर, दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली. म्हादेई हे मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव. सत्तरीच्या रानात नावेत बसलेल्या देवीच्या जुन्या पाषाणमूर्ती सापडतात, ती ही देवी. म्हादेई बोटीची धाकटी बहीण ‘तारिणी’ही त्याच गोदीतली. सप्टेंबर २०१७ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा नौदल अधिकारी स्त्रिया तारिणीतून याच धक्क्यावरून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये जगाला फेरी मारून इथेच परतल्या. २०२४-२५ मध्ये तर त्याच बोटीतून दोघीच जाऊन आल्या. बोट पंचावन्नेक फुटांची, म्हणजे आमच्या बोटीच्या दुप्पटही नाही. मी दोर घट्ट धरून बसलो होतो तो जरा सैल केला, लाज वाटून.

मग रेइश मागुश. पाण्यावर आलेल्या टेकाडावर तांबूस तटबंदीचा आटोपशीर किल्ला, पायथ्याला पांढरं चर्च. नावाचा अर्थ तीन ज्ञानी राजे, बाळ येशूला बघायला आलेले. ६ जानेवारीला गावातली तीन मुलं राजांचा वेश करून मिरवत येतात. किल्ला १५५१ पासूनचा, पडीक झालेला, तो दुरुस्त करून २०१२ साली लोकांसाठी खुला केला आणि आत मारिओ मिरांडांची चित्रं लावली. समोरच्या पणजीच्या काठापर्यंतचं पाणी इथे सगळ्यांत अरुंद आहे, किल्ला इथे का हे नकाशापेक्षा बोटीतून लवकर कळतं. १७३९ च्या स्वारीत सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देश घेतला, पण रेइश मागुश आणि आग्वाद हे दोन किल्ले मात्र हाती लागले नाहीत. या पाण्यावर ज्याच्या तोफा, त्याचा गोवा, एवढा साधा हिशेब होता.

रेइश मागुश ओलांडलं, की काठ उत्तरेला आत जातो, खाडीचं तोंड दिसतं आणि माडांची दाट रांग लागते. हे नेरूल. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं आश्चर्य इथे होतं, आणि ते दाखवायला तिथे काहीच नाही. माड, होड्या, वाळूचा छोटा किनारा. मडगावच्या मुलीने त्या दिशेला हात केला आणि म्हणाली, “आपला क्लास इथून सुरू होतो.”

जॉन फ्रायर हे नाव शिवकाळ वाचणाऱ्यांना परकं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर १६७० च्या दशकात या किनाऱ्यावर होता, जुन्नरपर्यंत जाऊन आला, शिवराज्याभिषेकाची हकीगतही त्याच्या पुस्तकात येते. त्याच पुस्तकात, १६९८ साली छापलेल्या, त्याने नोंद केली आहे, की उत्तम अर्राक, म्हणजे माडाच्या सुरेचा अर्क, नेरूलला होते आणि किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून ‘पाँच’ नावाचं पेय करतात. हिंदुस्थानी भाषेत पाँच म्हणजे पाच, कारण त्यात जिन्नस पाच. माणूस त्याने गळून जातो, अशी तक्रारही डॉक्टरने केली आहे. म्हणजे जगभर जे ‘पंच’ म्हणून प्यालं जातं, त्याच्या सुरुवातीच्या साक्षींमधली एक या माडांखालची. शब्द त्याच्याही आधी, १६३२ साली, कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात सापडतो. व्युत्पत्तीबद्दल काही पंडित शंका घेतात, पिंपाच्या इंग्रजी नावाशी तिचं नातं जोडतात. घेवोत. फ्रायरला मात्र शंका नव्हती, आणि तो इथे होता.

अर्राक, आंबट, गोड, पाणी आणि मसाला. हे ऐकताच बायको म्हणाली, “पंचामृतच की!” सगळे हसले, पण तिचं चुकलं नव्हतं. वेगवेगळ्या चवींच्या पाच वस्तू एका भांड्यात घालून त्यांचं सहावं काहीतरी करणं हे आपल्या देवघरात रोज चालतं.

पंच हे मोठ्या भांड्यातलं, दहा जणांत वाटायचं पेय. कॉकटेल त्याचा नातू, एकट्याच्या पेल्यात बसणारा. १८०६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना कॉकटेल म्हणजे काय ते छापलं: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. लिंबाला जागा नव्हती, ती पंचाकडून पुन्हा आली. आणि मधल्या काळात हे सगळं ज्यांनी जगभर नेलं ते खलाशी. १७४० साली ॲडमिरल व्हर्ननने आपल्या नाविकांच्या रममध्ये पाणी घालायचा हुकूम काढला, लिंबाचा रस पोटात गेला तर स्कर्व्ही होत नाही हेही पुढे कळलं. ब्रिटिश नौदलाचा रोजचा रमचा रतीब ३१ जुलै १९७० ला बंद झाला. पात्रांव तेव्हा लहान होता, पण त्याच्या बापाने त्या बातमीवर सुतक पाळल्याचं तो सांगत होता. यातलं किती खरं ते वाऱ्याला ठाऊक.

आग्वादच्या टोकाशी लाटा बदलल्या. बाहेर जाणारी ओहोटी आणि आत येणारा वारा एकमेकांवर आले, की पाणी आखूड आणि उभं होतं. बोट खडबडीत रस्त्यावरच्या एसटीसारखी आदळू लागली. नागपूरचे एक गृहस्थ गप्प झाले, मग हिरवट झाले. वर किल्ल्याची तटबंदी आणि १८६४ चा दीपस्तंभ. किल्ला १६१२ साली पुरा झाला आणि नाव पाण्यावरून पडलं. ‘आग्वा’ म्हणजे पाणी. लिस्बनहून महिनोन्‌महिने आलेली जहाजं इथल्या झऱ्यांवर पिंपं भरून घेत. किल्ल्यातल्या टाक्यात तेवीस लाख गॅलनांहून जास्त पाणी मावतं. खाली, लाटांच्या अंगावर, तुरुंग. सालाझारच्या राजवटीत तिथे मुक्तिसंग्रामातली माणसं कोंडली होती, आता संग्रहालय झालं आहे. पत्रादेवीला कालच पाया पडलो होतो, त्या गोष्टीचं दुसरं टोक इथे आलं.

टोकाच्या पलीकडे सिकेरीचा किनारा. तिथेच २००० सालच्या जूनमध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं भलंमोठं जहाज वादळाने रुतलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ गंजत पडलं. नांगराचा भरवसा धरू नये, एवढंच पात्रांव त्यावर बोलला. दक्षिणेला काबोचं टोक, त्यावर राज्यपालांचं निवासस्थान. नेपोलियनच्या धास्तीने आलेलं इंग्रजी सैन्य १७९९ पासून १८१३ पर्यंत तिथे बसून होतं. त्यांची छोटी दफनभूमी दोनापावलाला अजून आहे.

सूर्यास्ताबद्दल थोडक्यात. चांगला होता. ढग नव्हते, त्यामुळे रंगांची उधळण वगैरे झाली नाही. तांबडा गोळा खाली आला, पाण्याला टेकताना मडक्यासारखा चेपला आणि गेला. मला त्याच्याहून जास्त आठवतं ते नंतरचं. पाचेक मिनिटांत वारा असा पडला, जसं कोणी दार लावून घेतलं. शीड एकदा फडफडलं आणि पोतेऱ्यासारखं लोंबलं. दोन तास दोरांचा, कापडाचा, लाटांचा जो आवाज चालू होता तो थांबला, आणि आग्वादच्या तुरुंगाच्या भिंतीवर पाणी आपटतं तेवढंच ऐकू येऊ लागलं. जमीन आणि समुद्र सारखे तापलेले असण्याची ती मधली वेळ. पात्रांवने इंजिन चालू केलं, आम्ही मागे फिरलो आणि नेरूलच्या तोंडाशी, टेकडीच्या आडोशाला नांगर पडला.

फळीवर सामान मांडलं गेलं: बर्फाचा डबा, लिंबं, हिरव्या मिरच्या, खडेमीठ, माडाचा गूळ, कोकमाचं आगळ, तिरफळं, एक जायफळ आणि किसणी. दोन बाटल्या फेणीच्या, एक माडाची, एक काजूची. एक विनालेबल, उर्राकची. पाहुण्यांसाठी विलायती काही आहे का, असं पुण्याच्या तरुण जोडप्याने विचारलं. नाही, मुलगी म्हणाली. मला ती तिथे आवडली.

मापाचा छोटा दुतोंडी पेला, त्याला बारवाले जिगर म्हणतात. जहाजाच्या मागच्या छोट्या शिडालाही इंग्रजीत तेच नाव आहे. आपल्याकडे जिगर म्हणजे काळीज, आणि तीस मिलीच्या जागी साठ मिली घ्यायला तेही लागतं. पहिला धडा असा: लिंबू किंवा आगळ असेल तर शेकरमध्ये हलवायचं, नुसतं मद्य असेल तर चमच्याने ढवळायचं. हलवण्याने तीन गोष्टी होतात. गार होतं, हवा शिरते आणि बर्फ वितळून पाणी मिसळतं. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे, तो जिन्नस आहे. दहाबारा सेकंद जोरात हलवलं, की पेल्यात जवळपास पावपट पाणी आलेलं असतं आणि तितकं यावंच लागतं. आमच्या घरी ताकात पाणी किती घालायचं यावर आई जितकी काटेकोर होती, तितकीच ही मुलगी.

मी जोरात हलवलं. मग झाकण निघेना. ओढलं, पिळलं, गुडघ्यांत धरलं. सगळी बोट बघत होती. आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण आत खेचलं जातं, प्रेशर कुकर घाईने नळाखाली धरल्यावर होतं तेच. “काका, बाजूला टिचकी मारा,” ती म्हणाली. तळव्याने कडेला एक हलकी थाप मारली आणि झाकण सुटलं, थोडं माझ्या शर्टवरही सुटलं. कोकमाचा डाग अजून आहे.

तर निकाल. काजूची फेणी, आगळ, मीठ आणि ठेचलेलं तिरफळ, हे माझ्या हातचं. सोलकढी रागावली तर कशी लागेल तसं लागलं. बायकोने नेरूलचा पंच केला: माडाची फेणी, लिंबू, माडाचा गूळ, पाणी, वर किसलेलं जायफळ. पहिल्या घोटाला श्रीखंडाची आठवण, दुसऱ्याला फेणीची. फेणीचा वास उग्र आहे हे खोटं कशाला सांगा. लहानपणी सर्दी झाली की छातीला चोळायचे तो वास, असं मडगावच्या मुलीनेच सांगितलं. पण आंबट-गोडाच्या आणि जायफळाच्या मध्ये तो वास जागेवर बसतो, एकटा असतो तेव्हा अंगावर येतो. फ्रायरच्या इंग्रजांना बहुधा हेच उमगलं असावं.

नागपूरचे गृहस्थ आता सावरले होते. त्यांनी विचारलं, “हे एवढं चांगलं आहे, तर आमच्याकडे दुकानात का मिळत नाही?” उत्तर चवीत नाही, वर्गीकरणात आहे. फेणी कायद्याच्या लेखी ‘कंट्री लिकर’ होती, गावठी. स्कॉटलंडमधली गावठी ती व्हिस्की, मेक्सिकोतली गावठी ती टकीला, आणि आपली ती नुसतीच गावठी. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, देशातल्या मद्यांत पहिलं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा मद्य ठरवलं. कागद बदलले. पण हद्दीअलीकडे मामांच्या बागेत तेच बोंडू माश्यांना जातं, आणि मी स्वतः पंचवीस वर्षं गोव्याला येऊन फेणीची बाटली मित्रांना गंमत म्हणून नेत होतो, आपल्यासाठी कधी उघडली नव्हती.

शेवटी तिने उर्राक काढलं. यात शिकण्यासारखं काही नव्हतं. पेल्यात बर्फ, साठ मिली उर्राक, अर्धं लिंबू, चिमूट मीठ, उभी चिरलेली मिरची, वर लिंबाचा सोडा. शेकर नाही, चमचा नाही. मिरची तिखट करायला नसते, वासाला असते. ताज्या बोंडवाचा तोच वास, बांद्याच्या उतारावरचा, पण कुजण्याच्या आदल्या दिवशी थांबवलेला. त्या संध्याकाळचं सर्वांत चांगलं पेय तेच होतं, आणि ते गोव्यातल्या कुठल्याही तावेर्नात, म्हणजे गावच्या दारूच्या गुत्त्यात, कॉकटेल हा शब्द न उच्चारता मिळतं.

परतताना कॅसिनोंचे दिवे लागले होते आणि दिवसाच्या त्या चाळी एकदम लग्नघरं झाल्या होत्या. बेतीला दोर बांधून झाल्यावर पात्रांवने हात पुसले आणि पेला पुढे केला. उर्राक, मीठ नको, मिरची दोन.

जायचं असेल त्यांनी मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत जावं. पहिला पाऊस पडला, की बोंडं संपतात, भट्ट्या विझतात आणि आग्वादचा बारही शिडांना बंद होतो. फेणी बारा महिने मिळेल. उर्राक टिकत नाही, त्याला पुढच्या मार्चपर्यंत थांबावं लागतं.